झेलणाऱ्यांची रांग

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर एकदाही रागावलो नव्हतो, हे आज लक्षात आलं. शोकसभेत बोललो तेव्हासुद्धा तुमच्या शिस्तीचे गोडवेच गायले होते. लोक आधी हसले, मग डोळे पुसले, मग चहा झाला. आज मात्र मनापासून रागावलोय. समोर एक कागद आहे, त्यावर ‘रिफ्लेक्शन पेपर’ असं छापलंय, म्हणजे अनुभवातून काय शिकलात ते लिहा, आणि खाली सूचना: किमान आठशे शब्द, दोन छायाचित्रं, भाषा सकारात्मक. सोमवारी प्रार्थनेच्या आधी तो पर्यवेक्षकांच्या टेबलावर जायला हवा. मुलुंडच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं संस्कृत शिकवतोय. हे केवळ तुमच्यामुळे, असं मी येईल-जाईल त्याला सांगत आलोय. तेच वाक्य आज जरा वेगळ्या सुरात म्हणावंसं वाटतंय.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, शाळेने आम्हा सगळ्या शिक्षकांना साहसी शिक्षणाच्या कार्यशाळेला नेलं. आता पुस्तकातून शिकायचं नसतं, अनुभवातून शिकायचं असतं. म्हणजे जे तुम्ही आम्हाला पाठ करायला लावलंत ते आता करून बघायचं. तत्त्व वाईट नाही, फक्त ते पन्नाशीत भेटलं. मुलुंडच्या डोंगराला वळसा घालून गेलं की एक मोकळी जागा आहे. झाडांना दोऱ्या बांधलेल्या, टायर टांगलेले, एक उंच लाकडी भिंत. तिथे आम्ही अडतीस जण हेल्मेट घालून उभे राहिलो. लिफ्ट बंद असली की पालकसभा तळमजल्यावर घेणाऱ्या भूगोलाच्या मॅडम दोरीच्या पुलावरून चालत गेल्या आणि पलीकडे पोचल्यावर मुसमुसून रडल्या. मी टायरमध्ये अडकलो. खेळाचे सर खालून म्हणाले, “सर, एखादी विभक्ती लावून बघ ना, निघतोस का.” सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगायचं तर दुपारपर्यंत मला मजा येत होती. किती वर्षांनी अंगाला माती लागली होती.

जेवणानंतर शेवटचा खेळ होता. खांद्याएवढ्या उंचीचा एक लाकडी चौथरा. खाली आठ जण, चार-चारच्या दोन रांगा, समोरासमोर, हात कोपरात वाकवून पुढे केलेले, एक ह्याचा, एक त्याचा. हे झेलणारे. वरच्या माणसाने आमच्याकडे पाठ करून उभं राहायचं, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे बांधायचे आणि विचारायचं, “तयार?” खालच्या प्रत्येकाने आपलं नाव घेऊन वेगवेगळं ‘तयार’ म्हणायचं. आठ नावं, आठ तयार. मग वरच्याने म्हणायचं ‘पडतोय’, खालच्यांनी म्हणायचं ‘पड’, आणि त्याने काठीसारखं ताठ मागे पडायचं. प्रशिक्षक एक पंचविशीची मुलगी होती, बूट धुळीने माखलेले, घसा बसलेला. तिने हे तीनदा समजावलं. एकत्र बोलू नका, मला प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू यायला हवा, कारण तेवढ्यावरच वरचा माणूस पडणार आहे. आणि मग तिने विचारलं, समजलं ना सगळ्यांना? आम्ही अडतीस शिक्षक एका सुरात म्हणालो, “हो.”

तिथेच मला तुमची आठवण आली. तेव्हा गोड आली.

आठवीतली समूहपाठांतराची स्पर्धा तुम्हाला आठवत असणार. आम्ही सात जण. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील मिळेल ते काम करत होते, आणि मी अंधेरीच्या आमच्या खोलीतून पार्ल्याला तुमच्या घरी दर रविवारी चालत यायचो. तुम्ही स्वयंपाकघरात विळी मांडून बसायच्यात, पुढ्यात अळूची पानं नाहीतर मेथीची जुडी, आणि आम्ही ओट्याला पाठ लावून ओळीने उभे. तुमची नजर भाजीवर आणि कान आमच्यावर. चुकलं की विळीवरचा हात थांबायचा. तेवढं पुरायचं. स्पर्धेच्या आदल्या रविवारी तुम्ही आम्हाला गुपित सांगितल्यासारखं सांगितलंत की विसरलात तरी ओठ थांबवायचे नाहीत, नुसते हलवत राहायचे. सात जण आहात. एक विसरला तर आवाज द्यायला सहा आहेत, आणि परीक्षकांना लांबून फक्त ओठ दिसतात. आम्हाला ते फार शहाणपणाचं वाटलं. स्पर्धेत चौथ्या श्लोकाला आम्ही सातही जण एकदम विसरलो. सभागृहात सातांचे ओठ हलतायत आणि आवाज कोणाचाच नाही. पडद्याआडून तुम्ही पहिला शब्द टाकलात आणि गाडी पुन्हा चालू झाली. तरी दुसरा नंबर आला. गेली कित्येक वर्षं ही गोष्ट मी पोरांना रंगवून सांगतो आणि मग त्यांनाही तेच शिकवतो.

त्या स्पर्धेला मी तुमच्या यजमानांची राखाडी पँट घालून उभा होतो. तुम्ही ती उसवून, कापून, मशीनवर माझ्या मापाची केली होतीत, आणि माझ्या आईला अपमान वाटू नये म्हणून तिला सांगितलं होतंत की कपाटात उगाच जागा अडवते. तुमचं हे असं असायचं. माणसाला रागवायला फट म्हणून ठेवायची नाही. ती पँट मी दहावीपर्यंत वापरली, दर वर्षी तळाची दुमड थोडी उलगडून. बाई, ती पँट अंगात असताना तुमच्यावर रागावणं शक्यच नव्हतं.

तर झेलणाऱ्यांची रांग. चौथा नंबर गणिताच्या मॅडमचा होता. एकतीस वर्षांची मुलगी, घाटकोपरची. आईवडील मूळचे बुलढाण्याकडचे, वडील बसवर कंडक्टर होते. घरातली पहिली एम.एस्सी. आमच्याकडे तीन वर्षं तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी, आणि दर जूनमध्ये पुन्हा नवीन नेमणूकपत्राची वाट बघायची. तिला एक खोड आहे. शिक्षकांच्या सभेत परिपत्रक वाचून झालं की सगळे वह्या मिटतात आणि ती म्हणते, हे मला कळलं नाही. पर्यवेक्षक एकदा म्हणाले होते, मॅडम, परिपत्रक कळायचं नसतं, पाळायचं असतं. आम्ही हसलो होतो. ती हसली नव्हती. थांबून राहिली होती, उत्तरासाठी.

पहिल्या तिघांच्या वेळी आम्ही नावं घेऊन वेगवेगळं बोललो, पहिलीच्या वर्गातल्या मुलांसारखं. चौथ्यापर्यंत आमच्यातले मास्तर जागे झाले होते. मी शेवटच्या जोडीत, म्हणजे वरचा माणूस पडला की खांदे आणि मान ज्यांच्या हातांवर येतात त्या जागी. माझ्यासमोर पर्यवेक्षक. मॅडम वर चढल्या, पाठ करून उभ्या राहिल्या. प्रशिक्षक मुलगी वाकून त्यांचे पाय नीट जुळवत होती, तिची नजर खालीच. पर्यवेक्षकांचा फोन वाजला. त्यांनी हात मागे घेतले, दोन पावलं बाजूला गेले आणि आमच्याकडे पाठ करून हॅलो म्हणाले. मॅडमनी विचारलं, “तयार?” पलीकडच्या टोकाला कोणीतरी ‘तयार’ म्हणालं आणि ते सगळ्यांनी उचललं, प्रार्थनेची शेवटची ओळ उचलतात तसं, लांबवून, सुरात. माझ्यासमोर कोणी नव्हतं. ते मला दिसत होतं. गोंधळ नव्हता, धूळ नव्हती, दुपारचं स्वच्छ ऊन होतं आणि समोर एका माणसाएवढी रिकामी जागा होती. आणि मीही ‘तयार’ म्हणालो.

ती पडली नाही. तिने पुन्हा विचारलं, “सगळे तयार?” तिला नावं ऐकू आली नव्हती ना. आणि आम्ही पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्याने, थोडं दटावून. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारणाऱ्या पोराला आपण ज्या आवाजात उत्तर देतो त्या आवाजात. ती म्हणाली, पडतेय. आम्ही म्हणालो, पड.

पाय झेलले गेले, कंबर झेलली गेली. खांदे माझ्या दोन हातांवर आले आणि घसरले. खाली जाता जाता तिने छातीवरची घडी सोडली आणि उजवा हात जमिनीकडे नेला, कोणीही नेईल तसा. मनगट दोन ठिकाणी मोडलं, आत धातूची पट्टी घालावी लागली. उजवं मनगट, बाई. गणिताच्या शिक्षिकेचं. पार्ल्याच्या स्पर्धेत ओठ होते आणि आवाज नव्हता. इथे आवाज भरपूर होता, हात नव्हते. आणि पडद्याआडून शब्द टाकायला या वेळी कोणी उभं नव्हतं.

मंगळवारी सभा झाली. पर्यवेक्षकांनी सुरुवातच खेदाने केली, त्यांना खेद चांगला जमतो. मग म्हणाले की मॅडमनी हात सोडले, सगळ्यांनी पाहिलंय, आणि हात सोडायचे नाहीत ही पहिली सूचना होती. खोटं काय आहे त्यात? हात सोडलेले सगळ्यांनी पाहिलेच होते. संध्याकाळी ग्रुपवर रिफ्लेक्शन पेपरचा नमुना आला. चौथा प्रश्न असा: सुरक्षेच्या सूचना न पाळल्यास काय होते, हे मला प्रत्यक्ष अनुभवातून कसे उमगले? सोबत नमुना उत्तर, त्यात हात सोडण्याचा उल्लेख. म्हणजे अडतीसपैकी सदतीस पेपरांत, सदतीस अक्षरांत, तीच एक गोष्ट लिहिलेली असेल. अडतिसावी ती स्वतः, ती लिहूच शकत नाही. पेपरांची फाइल व्यवस्थापनाकडे जाईल आणि जूनमध्ये नेमणूकपत्राच्या वेळी ती कोणीतरी उघडेल. जिन्यात पर्यवेक्षकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सर, तुम्ही सगळ्यात जवळ होतात. तुमचा पेपर वजनदार. आणि तुम्ही संस्कृतवाले, छान लिहाल.” फोनचं त्यांनी काही काढलं नाही. मीही काढलं नाही. दोन सभ्य माणसं जिन्यात एकमेकांना वाट देत उभी होती.

इंग्रजीच्या मॅडमनी मोबाईलमधल्या त्या नव्या सर्वज्ञाकडून अकरा जणांचे पेपर लिहून घेतले. प्रत्येकाला दोरीच्या पुलावर स्वतःचा नव्याने शोध लागला आहे. खेळाच्या सरांना मी हळूच विचारलं की तू काय लिहिणार. तो माझ्या शेजारीच होता रांगेत. तो म्हणाला, “यार, तू पण ना. कोण वाचतंय? लिही आणि सोड.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मला कर्ज आहे रे घराचं.” त्याला काढणार कोणी नाही, मलाही नाही. आम्ही दोघंही कायम. तरी त्याने कारण दिलं आणि मला ते पटल्यासारखं वाटलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी मोसंबी घेऊन तिच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने आकडे लिहिलेले होते, वेडेवाकडे, उताराला लागलेले. डाव्या हाताने फळ्यावर लिहायचा सराव चालू होता. तिने मला त्यातला सात दाखवला, म्हणाली, हा एकच सुधारत नाही. तिच्या आईने चहा आणला. मी सासरी आलेल्या जावयासारखा अवघडून बसलो होतो. मग तिने विचारलं. आवाज चढवला नाही, गणितात एखादी पायरी गाळली की विचारतात तसं विचारलं.

“सर, माझे हात सुटले ते मला मान्य आहे. पण माझ्या मानेखाली काही नव्हतं. त्या टोकाला तुम्ही होतात ना? तुमच्या समोर कोण होतं?”

मी म्हणालो, “गडबडीत लक्षात नाही आलं.”

तिची आई म्हणाली, “जाऊ दे गं, सर मोठे आहेत.”

“मोठे आहेत म्हणूनच विचारतेय,” ती म्हणाली, आणि माझ्यासमोरची बिस्किटांची बशी डाव्या हाताने जवळ सरकवली.

घरी येईपर्यंत मी तुमच्यावर रागावलेलो होतो. आणि कशावरून ते सांगतो, म्हणजे तुम्हाला बाजू मांडता येणार नाही तरी आरोप तरी कळेल. नववीत तुम्ही समास शिकवत होतात. शिकवून झाल्यावर नेहमीप्रमाणे विचारलंत, कळलं? वर्ग नेहमीप्रमाणे म्हणाला, हो बाई. मी म्हणालो, नाही. का म्हणालो कोण जाणे, कदाचित रविवारच्या स्वयंपाकघरामुळे थोडा शेफारलो असेन. तुम्ही खडू ठेवलात, मला उभं केलंत आणि वर्गाला म्हणालात, “ह्याला एकट्याला कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलंय ना?” साठ मुलं म्हणाली, हो बाई. मग मला विचारलंत, “तुझ्यासाठी वर्ग थांबवू?” मी म्हणालो, “नको बाई.” मधल्या सुट्टीत कळलं की कोणालाच कळलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या पोरांनासुद्धा.

तुम्ही दुष्ट असतात तर किती बरं झालं असतं. पण पुढच्याच रविवारी तुम्ही मला लवकर बोलावलंत, दडपे पोहे दिलेत आणि तासभर तोच समास परत समजावलात, इतका सुंदर की आजही मी वर्गात तुमचीच उदाहरणं देतो. म्हणजे मला कळावं अशी तुमची इच्छा होती. फक्त कळलं नाही हे चारचौघांत म्हणायची सोय तुम्हाला नको होती. चूक घरात, स्वयंपाकघरात, पोह्यांबरोबर दुरुस्त करायची, आणि वर्गात सूर मोडायचा नाही. मी हा धडा फार चांगला शिकलो. सव्वीस वर्षं मी ‘कळलं?’ विचारतोय आणि ‘हो सर’ ऐकून फळा पुसतोय. ज्याला खरंच अडलंय त्याला नंतर स्टाफरूममध्ये बोलावून, चॉकलेट देऊन, प्रेमाने समजावतो. पोरं माझ्यावर जीव टाकतात. मी तुमचा आदर्श विद्यार्थी आहे, बाई. माझ्या हातांवरून एक माणूस घसरलं आणि मी सुरात होतो.

त्या एकतीस वर्षांच्या मुलीला तुमच्यासारखी कोणी बाई भेटली नसावी. नाहीतर तिने दुसऱ्यांदा विचारलं नसतं. आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं, हीच एक गोष्ट त्या दिवशी कोणीतरी शिकवल्याबरहुकूम केली होती. पर्यवेक्षकांचा राग येतो तो वरवरचा आहे, तो माणूस फोन वाजला की फोनच घेणार. तुमचा खोलातला आहे.

तरी पेपर लिहिला. आज सकाळी. आठशे शब्द हवे होते, पाच वाक्यं झाली. झेलणाऱ्यांच्या शेवटच्या जोडीत मी होतो. माझ्यासमोरचे पर्यवेक्षक फोन घेण्यासाठी रांगेबाहेर गेले होते आणि ते मला दिसत होतं. मॅडमनी सूचनेप्रमाणे दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तयार म्हणालो. त्यांचे हात सुटले ते त्यानंतर. खाली सही केली, आणि छायाचित्रांच्या जागी काही लावलं नाही. भाषा सकारात्मक आहे की नाही ते ठरवायला माझ्यापेक्षा वरची माणसं आहेत. हा कागद सोमवारी टेबलावर जाईल, याची मला आता फारशी भीती वाटत नाही. फार तर दहावीचा वर्ग काढून घेतील, फार तर बोलणं सोडतील.

पण टेबलावर जायच्या आधी तो तिने वाचायला हवा. तिचं दोनदा विचारणं त्यात आहे, तिचे सुटलेले हात त्यात आहेत. घाटकोपर इथून वीस मिनिटांवर आहे, आज रविवार आहे, ती घरी असणार. सकाळी दहाला कपडे करून बसलो, पायात चपलाही घातल्या, आणि मग तुम्हाला हे लिहायला घेतलं. आता दुपारचा एक वाजत आलाय. तुम्हाला लिहिणं किती सोपं गेलं, बाई. रागावलो, आरोप केले, जुनी पँट काढली, पोहे काढले, आणि तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. ती बोलेल. बुधवारी समोर बसून खोटं का बोललात, असं ती आईच्या देखत विचारेल, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबून राहील. त्या थांबण्याला मी घाबरलोय.